देवघर नसलेला आश्रम : मायावतीचे पाच दिवस

पहिला दिवस : दिल्ली ते टनकपूर

आईने प्रवासाच्या पिशवीत सर्वांत आधी एक पितळी डबी ठेवली. आमच्या देवघरातला रांगता बाळकृष्ण त्या डबीत बसून आजवर पंढरपूर, गाणगापूर, काशी आणि एकदा हृदयशस्त्रक्रियेसाठी रुग्णालय असा सगळीकडे हिंडून आला आहे. आपण जिथे जातो आहोत तिथे मूर्ती नाही, तसबीर नाही, आरती नाही, घंटाही नाही, हे मी तिला निघण्यापूर्वी दोनदा समजावून सांगितले होते. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, डबीच्या झाकणाला दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "त्यांच्याकडे नसेल तर नसू दे. माझा असू दे."

मायावतीला निघालो आहोत असे सांगितले की पुण्यातले लोक आधी लखनौच्या राजकारणाचा विचार करतात. मला मात्र हे नाव लहानपणापासून वेगळ्याच कारणाने ठाऊक होते. वडिलांच्या कपाटात स्वामी विवेकानंदांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी खंड होते आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठामागे 'मायावती मेमोरियल एडिशन' असे छापलेले असे. मायावती ही कोणी दानशूर बाई असावी आणि तिच्या स्मरणार्थ हे खंड निघाले असावेत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. दानशूर बाई त्या कथेत खरोखरच होती, पण तिचे नाव शार्लट सेव्हियर होते. मायावती हे तिने आणि तिच्या नवऱ्याने विकत घेतलेल्या, उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरातल्या चहाच्या मळ्याचे आणि त्यावरच्या बंगल्याचे नाव; विवेकानंदांच्या प्रेरणेने निघालेला अद्वैत आश्रम तिथेच आहे.

दिल्लीहून पूर्णागिरी जनशताब्दीने निघालो. मुरादाबाद, बरेली, पिलिभीत असा उसाचा आणि भाताचा सपाट मुलूख दिवसभर खिडकीतून सरकत राहिला आणि टनकपूरला लोहमार्ग संपला. फलाटावर उतरल्यावर उत्तरेकडे पाहिले की डोंगर एकदमच उभा राहतो. आपल्याकडे घाटाआधी टेकड्यांची जी थोडी तयारी असते, तशी इथे काही नाही. १९०१ च्या जानेवारीत विवेकानंद मायावतीहून परतताना याच वाटेने खाली उतरले होते आणि त्यांना आगगाडी पिलिभीतला मिळाली होती. आम्ही मात्र बाजारातल्या एका साध्या लॉजमध्ये आडवे झालो. रात्रभर ट्रकांचे भोंगे ऐकू येत होते, याखेरीज त्या मुक्कामाविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरा दिवस : टनकपूर ते मायावती

टनकपूर ते चंपावत सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, तिथून लोहाघाट चौदा आणि लोहाघाटहून मायावती नऊ. मैदानात हे अंतर दोन तासांचे. इथे दोन तासांत निम्मी वाटही सरत नाही. रस्ता रुंद केला आहे आणि त्यासाठी डोंगराची कड जिथे जिथे उभी कापली आहे, तिथे तो डोंगर आपला हिशेब अधूनमधून चुकता करून घेतो. सूखीढांगच्या पुढे गाड्यांची रांग दिसली आणि आमच्या चालकाने इंजिन बंद करून एवढेच म्हटले, "मलबा आ गया." या मुलखात हे तीन शब्द 'पाऊस आला' इतक्याच सहजपणे उच्चारले जातात. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी वैतागले नाही. लोकांनी खाली उतरून कठड्यावर बसून काकड्या चिरल्या आणि त्यांना लसूण-मिरचीबरोबर वाटलेले पहाडी मीठ लावून एकमेकांना दिल्या. आम्हालाही दोन फाका मिळाल्या. जेसीबीने वाट मोकळी करेपर्यंत दोन तास गेले.

चंपावतला जेवलो. खाणावळीतल्या मुलाने 'गहत की दाल' आणि 'मंडुवे की रोटी' असे सांगितले तेव्हा आई जरा साशंक झाली होती. पानात पाहिले तर गहत म्हणजे आपले कुळीथ आणि मंडुवा म्हणजे आपली नाचणी. "एवढ्या लांब येऊन कोकणातच जेवलो की," असे म्हणून तिने आणखी एक भाकरी मागून घेतली. चंपावत ही एके काळची चंद राजांची राजधानी. बाजाराला लागूनच असलेल्या बालेश्वर मंदिरांवरचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे, पण रस्त्यावर गेलेले दोन तास आम्ही तिथून वसूल केले आणि देवळे पंधरा मिनिटांत उरकली. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेली नरभक्षक वाघीण याच परिसरातली. तिच्या नावावर चारशे छत्तीस बळी सांगितले जातात. मायावतीचा आश्रम सुरू झाला त्या काळात भोवतालचे रान कसले होते, याचा अंदाज या एका आकड्यावरून येतो.

चंपावतच्या आसपास उतारांवर चहाचे मळे दिसतात. ते सरकारने अलीकडच्या काळात नव्याने लावलेले आहेत, पण त्यांच्यामागे जुना इतिहास आहे. १८३५ नंतर कंपनी सरकारने कुमाऊँमध्ये चहाच्या रोपवाटिका काढल्या, चहा वळण्यासाठी चिनी कारागीर आणले, आणि निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांनी डोंगरमाथे घेऊन मळे लावले, बंगले बांधले. आसाम आणि दार्जिलिंगचा चहा बाजारात उतरल्यावर, आगगाडीपासून इतक्या लांब असलेल्या या मळ्यांचे गणित बसेना. मळे बसले, बंगले मात्र उभे राहिले. जनरल मॅकग्रेगर यांची मायावतीची मिळकत त्यांपैकीच एक.

लोहाघाट सोडल्यावर रस्ता अरुंद होतो आणि देवदार सुरू होतात. चीड (पाइनचा एक प्रकार) आणि देवदार यांतला फरक मला तोवर पुस्तकातूनच माहीत होता. चिडाच्या रानात ऊन झिरपते आणि जमीन कोरडी, निसरडी असते. देवदाराखाली दुपारीही संध्याकाळ असते. गाडीच्या काचा आपोआप धुरकटल्या. शेवटच्या वळणानंतर झाडी एकदम मोकळी झाली आणि समोर उतारावर बाग, बागेच्या वरच्या अंगाला दुमजली बंगला आणि त्याच्या लाकडी सज्जाखाली भगव्या वस्त्रातले एक साधू झारीने कुंड्यांना पाणी घालताना दिसले. घंटा नाही, कळस नाही, ध्वज नाही, चपला काढण्याची पाटीसुद्धा नाही. आईने सवयीने हात जोडले आणि मग ते नेमके कोणाकडे वळवावेत हे न कळून तसेच बागेकडे धरले.

मुक्कामाची परवानगी आधी पत्रव्यवहार करून घ्यावी लागते. आम्हाला तीन रात्रींची मिळाली होती. अतिथिगृहातली खोली साधी, स्वच्छ आणि विलक्षण गार होती. उंची सुमारे सहा हजार चारशे फूट आणि महिना ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. रात्रीच्या जेवणानंतर दोन दोन रजया घेऊन झोपलो.

तिसरा दिवस : बंगला

पहाटे साडेपाचला आईने मला उठवले ते हिमशिखरे पाहण्यासाठी नव्हे, तर बाळकृष्णाच्या आंघोळीला कोमट पाणी कुठे मिळेल हे विचारण्यासाठी. ते मिळाल्यावर तिने खिडकीतल्या कट्ट्यावर देव मांडला, गंध लावले आणि तुळशीऐवजी काय वाहावे या विचारात बाहेर गेली. बागेत शेवंती आणि डेलिया मनसोक्त फुलले होते. तिचा हात एका शेवंतीपाशी पोहोचलेला असतानाच कालचे झारीवाले महाराज समोरून आले. मी ओशाळले. आईने मात्र सरळ विचारले, तिच्या मोडक्या हिंदीत, की आपला देव आपण बरोबर आणला आहे, तर त्याची पूजा इथे चालेल का. महाराज हसले आणि म्हणाले, "माताजी, तुमच्या खोलीत तुम्ही काय करता हे आम्ही विचारत नाही. फूल मात्र झाडावरच राहू द्या." आई तशीच परत आली आणि त्या दिवशी बाळकृष्णाला खडीसाखरेवर समाधान मानावे लागले.

आश्रमात पूजा न करण्याचा हा नियम कुठून आला हे समजायचे तर या घराची गोष्ट थोडी मागून सांगावी लागते. कॅप्टन जेम्स हेन्री सेव्हियर हे ब्रिटिश सैन्यातले निवृत्त अधिकारी. ते आणि त्यांची पत्नी शार्लट यांनी १८९६ साली लंडनमध्ये विवेकानंदांची व्याख्याने ऐकली आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला नेले. आल्प्सच्या पायथ्याशी हिंडताना, अशाच हिमाच्या सान्निध्यात हिमालयात एक मठ असावा, हा विचार विवेकानंदांनी बोलून दाखवला. दोघांनी विलायतेतले घरदार आवरले आणि वर्ष संपण्याच्या आत त्यांच्याबरोबर हिंदुस्थानची वाट धरली. अल्मोड्यात राहून जागेचा शोध सुरू झाला, आणि शेवटी ही मळ्याची मिळकत बंगल्यासह विकत घेऊन १९ मार्च १८९९ रोजी, रामकृष्ण परमहंसांच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, अद्वैत आश्रम सुरू झाला. स्वामी स्वरूपानंद हे त्याचे पहिले अध्यक्ष आणि 'प्रबुद्ध भारत' या इंग्रजी मासिकाचे संपादकही. ते मासिक १८९६ साली मद्रासला निघाले, तरुण संपादक राजम अय्यर यांच्या मृत्यूनंतर अल्मोड्याला आले आणि तिथून इथे. मासिकाची छपाईसुद्धा सुरुवातीची बरीच वर्षे याच डोंगरावर हातयंत्रावर होत असे. आता ती कोलकात्याला होते आणि संपादकीय कार्यालय मात्र इथेच आहे. शाई, कागद आणि छपाईचे खिळे लोहमार्गापासून किती दिवसांच्या वाटेवरून खांद्यावर आणि खेचरावर चढवले जात असतील, हे आदल्या दिवशीच्या दोन तासांच्या खोळंब्यानंतर मला नीट उमगले.

आश्रमाच्या स्थापनेच्या वेळीच विवेकानंदांनी लिहून ठेवले होते की इथे अद्वैताखेरीज दुसरे काही शिकवले जाणार नाही आणि कोणतीही बाह्य पूजा होणार नाही. रामकृष्णांच्या नावाने चालणाऱ्या संघातली ही एकच जागा अशी की जिथे खुद्द रामकृष्णांचीही पूजा करायची नाही.

सकाळी दहाच्या सुमारास मुख्य बंगला आतून पाहायला मिळाला. खालच्या मजल्यावर जुनी शेगडी आहे, भिंतीत बांधलेली, वर धुरांडे असलेली. साहेबी घरांत असते तशी. तिच्यापुढे मी थोडी जास्त वेळ थांबले. आपल्याकडच्या वाड्यात सगळ्या वाटा चौकातून देवघराकडे किंवा स्वयंपाकघराकडे जातात. देवळात तर सगळी रचनाच गाभाऱ्यासाठी असते. या घरात सगळ्या खोल्या शेगडीकडे तोंड करून आहेत, कारण बांधणाऱ्याला देवापेक्षा थंडीची चिंता अधिक होती. देव ठेवायची जागाच ज्या घरात कोणी योजली नव्हती, ते घर या आश्रमासाठी निवडले जावे, हे मला फार सोयीचे वाटले. रिकामी ओसरी, मोठ्या खिडक्या आणि ऊब देणारी एक भिंत, एवढ्यावर अद्वैताचे भागते.

तरीही देव आत शिरलाच होता. १९०० च्या डिसेंबरात विवेकानंद परदेशातून अचानक कोलकात्याजवळच्या बेलूर मठात परतले. कॅप्टन सेव्हियर २८ ऑक्टोबर रोजी मायावतीलाच वारले होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन आश्रमाजवळच्या नदीकाठी हिंदू पद्धतीने झाले. ब्राह्मणांनी खांदा दिला होता. शार्लटबाईंना भेटायचे म्हणून विवेकानंद ऐन हिवाळ्यात निघाले. काठगोदामपासून पासष्ट मैलांची वाट, दांडीत (माणसांनी खांद्यावरून वाहायच्या आसनात) बसून, दम्याचा विकार जडलेल्या अवस्थेत; मध्येच हिमवर्षावाने गाठले आणि एका दुकानवजा खोपटात, धुरात, रात्र काढावी लागली. ३ जानेवारी १९०१ रोजी ते इथे पोहोचले आणि १८ तारखेला परत निघाले. बहुतेक वेळ बर्फामुळे घरातच गेला.

या मुक्कामात एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की आश्रमातल्या काही जणांनी एका खोलीत रामकृष्णांची तसबीर मांडून फुले, धूप, नैवेद्य असा रीतसर परिपाठ सुरू केला आहे. त्या क्षणी ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी सगळे शेगडीभोवती जमल्यावर मात्र त्यांनी आपली नाराजी स्पष्ट शब्दांत सांगितली. ती खोली बंद करा, अशी आज्ञा त्यांनी दिली नाही. चूक ज्यांची त्यांनाच उमगावी, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे पूजा थांबली. एका साधूच्या मनात शंका राहिली म्हणून त्याने थेट रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवींना पत्र लिहिले, तेव्हा त्या माउलीने, जी स्वतः रामकृष्णांच्या तसबिरीची रोज पूजा करीत असे, उत्तर पाठवले की आपले गुरू अद्वैतीच होते आणि त्यांचे शिष्य म्हणून तुम्हीही सगळे अद्वैतीच आहात. खुद्द विवेकानंदांनी मात्र बेलूरला गेल्यावर, आपला म्हातारा, म्हणजे रामकृष्ण, मायावतीलाही आधीच जाऊन बसला आहे, अशा अर्थाचे हताश आणि लडिवाळ उद्गार काढले होते.

ही हकीकत मी आईला ओसरीतल्या बाकावर बसून सांगितली. शिखरे तोवर उघडली होती. नंदादेवी, त्रिशूल आणि उजव्या हाताला पंचाचुलीची पाच टोके एवढी मला ओळखता आली. आईचे शिखरांकडे लक्ष नव्हते. तिने विचारले, "मग त्या काढलेल्या देवाचं काय केलं?"

मला प्रश्नच कळला नाही. तिने समजावून सांगितले, की पूजेतली तसबीर नुसती उचलून कपाटात ठेवता येत नाही; तिचे विसर्जन करावे लागते. ते कोणी केले?

दुपारी जेवणाच्या पंगतीत तिने हाच प्रश्न महाराजांना केला. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "माताजी, इतकी वर्षे मी लोकांना ही गोष्ट सांगतो आहे. हे मला आजवर कोणी विचारले नव्हते."

तिसऱ्या प्रहरी ग्रंथालयात बसले. मला एकच लेख पाहायचा होता. बर्फात अडकलेल्या त्या पंधरा दिवसांत विवेकानंदांनी 'प्रबुद्ध भारत'साठी तीन लेख लिहिले आणि त्यांतला एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सामाजिक परिषदेतल्या भाषणाला उत्तर म्हणून आहे. समाजसुधारणेसाठी शिक्षकांचा जो वर्ग तयार करायचा तो ब्रह्मचारी संन्याशांचा नसावा, प्राचीन ऋषींसारखा गृहस्थांचा असावा, असा रानड्यांचा रोख होता. विवेकानंदांनी त्यावर जे लिहिले ते शांत, समंजस वगैरे नाही. उपरोधाने भरलेले, मधेच चिमटे काढणारे आणि संन्यासाची बाजू हिरिरीने मांडणारे आहे. शेवटी रानड्यांचा आणि सुधारकांचा जयजयकार करूनही, या समाजात असे प्रश्न आहेत की जे तुम्हाला आणि तुमच्या पाश्चात्त्य गुरूंना अजून समजलेलेही नाहीत, असे ते इंग्रजाळलेल्या हिंदुस्थानाला बजावतात. गंमत अशी की हे बजावणारा माणूस एका इंग्रज जनरलच्या बंगल्यात, इंग्रज शिष्येच्या घरी, साहेबी शेगडीसमोर पाय शेकत होता.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत वारले. विवेकानंद तेव्हा याच छताखाली होते. पुण्यात वाढलेल्या माणसाला रानडे म्हणजे घरचेच. त्यांच्याशी कोणी भांडले की आपसूक त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. मला लेखातला युक्तिवाद सगळाच पटला असे नाही. गृहस्थाला लोकसेवा जमत नाही हे म्हणणे रमाबाई रानड्यांच्या शहरात कोणी ऐकून घेणार नाही. पण ज्या घरी बसून तो लिहिला गेला तिथे वाचताना, संन्याशांविषयीचा त्यांचा त्वेष कुठून आला असेल हे कळत होते: बाहेर कमरेइतका बर्फ, आत चार-दोन तरुण साधू ओल्या लाकडांशी झगडत स्वयंपाक करताहेत आणि त्यातूनच दरमहा मासिक निघते आहे.

ओल्या लाकडांचा उल्लेख उगाच केलेला नाही. या मुक्कामातली एक आठवण नोंदलेली आहे. एके दिवशी जेवणाला उशीर झाला आणि विवेकानंद भडकले. स्वयंपाकघरात डोकावले तर त्यांचे तरुण शिष्य विरजानंद धुरात बसून चूल फुंकत होते. ताट समोर आल्यावरही त्यांनी आधी रुसून नको म्हटले, मग लहान मुलासारखे जेवले आणि शेवटी म्हणाले, आपल्याला एवढा राग का आला होता ते आता कळले. भूक लागली होती. आईला अख्ख्या दिवसात आवडलेली हीच एक गोष्ट.

संध्याकाळी ध्यानाच्या खोलीत बसलो. समोर भिंत होती. अर्ध्या तासात माझे लक्ष अनेकदा तिच्यावरून सरकले. आई मात्र मांडी न हलवता बसून राहिली. बाहेर आल्यावर मी विचारले, तर म्हणाली, "डोळे मिटल्यावर काय, सगळीकडे सारखंच."

चौथा दिवस : धरमघर आणि दवाखाना

आश्रमाच्या हद्दीतला सर्वांत उंच माथा म्हणजे धरमघर. विवेकानंद तिथे चढून गेले होते आणि ती जागा त्यांच्या मनात भरली होती. वाट बांज (ओक) आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) दाट रानातून जाते. बुरांशाचा बहर वसंतातला, त्यामुळे आम्हाला पानेच दिसली. पण ओंजळीएवढ्या हिरव्या शेवाळाने झाडांचे बुंधे मढलेले होते आणि दरीतून न्योली पक्ष्याची लांबवलेली, काहीशी रडवेली हाक सारखी येत होती. कुमाऊँच्या लोकगीतांत ही हाक विरहिणीची मानतात. आई अर्ध्या वाटेत एका दगडावर बसली आणि मी एकटी वर गेले. माथ्यावर एक लहानशी कुटी आहे आणि वारा. त्यापलीकडे काही नाही, आणि काही असावे असे वाटलेही नाही.

येताना ते तळेही पाहिले, ज्याच्या काठी हिंडताना विवेकानंद म्हणाले होते की आयुष्याच्या उत्तरार्धात सगळे व्याप सोडून इथेच लिहीत, शीळ घालत राहीन. ते पुन्हा कधी आले नाहीत. दीडच वर्षात, ४ जुलै १९०२ रोजी ते गेले. जगदीशचंद्र बोस आणि भगिनी निवेदिता मात्र या घरी येऊन राहत असत.

खालच्या अंगाला दवाखाना आहे. १९०३ पासून तो चालू आहे आणि उपचार मोफत होतात. सकाळपासून पायऱ्यांवर माणसे बसली होती: गवताचे भारे वाहून पाठीत वाकलेल्या बाया, डोळ्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा, झाडावरून पडलेला एक मुलगा. गवत आणि लाकडासाठी झाडावर चढायचे आणि पडायचे, हा इथला नेहमीचा अपघात आहे, असे तिथल्या परिचारिकेने सांगितले. मूर्तिपूजा नसलेल्या या आश्रमात रांग, गर्दी, आशा आणि नवस यांचे जे काही देवळात दिसते, ते सगळे या पायऱ्यांवर दिसत होते. आई तिथे तासभर त्या बायांशी बोलत बसली. ती मराठीत आणि त्या कुमाऊँनीत.

शार्लट सेव्हियर नवऱ्यामागे पंधरा वर्षे याच डोंगरावर राहिल्या. सगळे त्यांना मदर म्हणत. साठी उलटलेल्या त्या विलायती बाईंना हिवाळ्यात कुठल्या खिडकीतून काय दिसत असेल, हे पाहण्यासाठी मी संध्याकाळी बंगल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. उत्तरेच्या बाजूला शिखरे होती आणि दक्षिणेला, खूप खाली, निळसर धुरात बुडालेले मैदान, जिकडून टपाल येत असे.

पाचवा दिवस : श्यामलाताल आणि परत

निघताना महाराज गाडीपर्यंत आले. त्यांनी आईच्या हातात कागदात गुंडाळलेली एक शेवंती दिली. रात्रीच्या वाऱ्याने देठ मोडून पडलेली होती, असे त्यांनी मुद्दाम सांगितले.

परतीच्या वाटेवर सूखीढांगहून आत श्यामलातालला गेलो. चुलीपुढे बोलणी खाल्लेले विरजानंद पुढे मायावतीचे अध्यक्ष झाले, त्यांनी श्रीमती सेव्हियर यांच्या मदतीने १९१४-१५ च्या सुमारास हा आश्रम उभा केला आणि १९३८ पासून ते संपूर्ण रामकृष्ण संघाचे अध्यक्ष होते. तळे गर्द हिरवे आहे आणि भोवतीच्या डोंगरांची सावली त्यात पूर्ण मावते. मायावतीहून आल्यावर ही जागा मऊ, उबदार आणि जवळची वाटते. आम्ही तासाभरातच निघालो, कारण पुन्हा मलबा आला तर गाडी चुकण्याची भीती होती. तो आला नाही.

टनकपूरला दोन तास हाताशी उरले तेव्हा आई म्हणाली, नदीवर जाऊ. शारदा तिथे डोंगरातून सुटून एकदम रुंद होते. पाणी दुधाळ हिरवे आणि इतके गार की घोटे बधिर झाले. आईने काठावरच्या एका सपाट दगडावर डबी उघडली, बाळकृष्णाला ओंजळीतल्या पाण्याने आंघोळ घातली, पदराने पुसले आणि शेवंतीची एक पाकळी त्याच्या डोक्यावर ठेवली. उरलेले फूल तिने प्रवाहात सोडले आणि ते पहिल्या भोवऱ्यातून सुटून पुढे जाईपर्यंत पाहत राहिली.

"इथेच आणून सोडला असेल त्यांनी," ती म्हणाली, आणि डबीला दोरा गुंडाळून उठली.